नकाराची मजुरी

आषाढाच्या सरी सुरू झाल्या की शहरातल्या माणसाला घर खायला उठतं. सोसायटीच्या बैठकीत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, भिशीच्या चहापाण्यात एकच प्रश्न : ‘यंदा कुठं?’ आमच्या तरुणपणी या प्रश्नाची उत्तरं ठरलेली होती. खंडाळा-लोणावळा, फार तर माथेरान. चिंब भिजायचं, भाजलेलं कणीस खायचं आणि चिक्कीचं पुडकं घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. आता जो धबधबा शेजाऱ्यानं पाहिलेला नाही, तोच पाहण्याजोगा ठरतो. रस्ता संपल्यावर पुढं दोन तास चालावं लागणार असेल, तर फारच उत्तम.

यात वाईट काही नाही. साठी उलटली तरी मीही अशा सहलींना जातो आणि पाय साथ देतील तोवर जाईन. चार घरची माणसं एका गाडीत बसतात, एकमेकांच्या डब्यातलं खातात, एरवी मोबाईलमधून मान वर न काढणारी नातवंडं आजोबांचा हात धरून ओढा ओलांडतात, हे काही थोडं सुख नाही. पण गेल्या काही पावसाळ्यांत सोमवारचं वर्तमानपत्र उघडताना धाकधूक होते. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात चार मुलं होती. एकमेकांना मिठी मारून प्रवाहात उभं असलेलं ते कुटुंब साऱ्या देशानं पडद्यावर पाहिलं. पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्यापाशी एक तरुणी दरीत कोसळून गेली. अशा प्रत्येक बातमीनंतर आपण एक शब्द उच्चारतो, ‘अतिउत्साह’, आणि फाईल बंद करतो.

बँकेत चाकरी केलेल्या माणसाला अशी बंद केलेली फाईल स्वस्थ बसू देत नाही. कर्ज बुडालं की शेरा मारणं सोपं असतं. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्यांपैकी कामाचा अधिकारी तो, जो विचारायचा, ‘बुडायच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? कुणाला काय दिसलं होतं? आणि ज्याला दिसलं, तो बोलला का नाही?’ धबधब्यांच्या बाबतीतही हेच प्रश्न विचारायला हवेत. ते मला सुचले त्याला कारण एक साधीशी, कुठल्याही वर्तमानपत्रात न आलेली सहल आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही बाराजण देवकुंडला निघालो होतो. निवृत्त सहकारी, कुणाचा मुलगा-सून, दोन कॉलेजातली नातवंडं. पहाटे पाचला पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलर सुटली. पौड मागं पडल्यावर मुळशीचा जलाशय लागला. या पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ पासून सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता, हे नातवंडांना सांगायची माझी खोड त्यांनी सहन केली. हेच पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली कोकणात भिऱ्याला उतरवतात आणि १९२७ पासून तिथं त्यावर वीज तयार होते. ताम्हिणी घाट उतरून विळ्याहून भिऱ्याला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. वीजघरात उतरणाऱ्या पाण्याचं माप ठेवलं जातं. त्याच कड्यावरून जंगलात कोसळणाऱ्या पाण्याचं माप मात्र गावातल्या माणसाच्या डोळ्यांत असतं. असा एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा वाटाड्या म्हणून आमच्याबरोबर निघाला.

भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेनं वाट निघते आणि मग रानात शिरते. एका बाजूनं सहा किलोमीटरच्या आसपास चाल. पहिला ओढा घोट्याएवढा होता, पोरांनी त्यात फोटो काढले. वाटाड्या तिथं उगाचच दोन मिनिटं रेंगाळल्यासारखा मला वाटला. दुसऱ्या ओढ्यापाशी तो थांबलाच. वर घाटमाथ्यावर काळं झालं होतं, लांब कुठंतरी गडगडत होतं, पण आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. तो पाण्याकडे बघत म्हणाला, ‘‘काका, आज इथूनच मागं फिरूया.’’

मग जे झालं ते प्रत्येक सहलीत होतं. ‘‘अरे, पाऊस कुठाय?’’ ‘‘पाच तास झाले घरातून निघून!’’ ‘‘सूनबाईनं रजा टाकलीय.’’ ‘‘गाडीचं भाडं काय परत मिळणारंय?’’ आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य : ‘‘आता आलोच आहोत तर…’’ मुलगा गप्प उभा. त्याचा आवाज आणखी बारीक झाला. ‘‘बघा, तुम्ही म्हणाल तसं,’’ असं तो म्हणण्याच्या बेतात होता.

आमच्यात एक निवृत्त हेड कॅशियर बाई आहेत. त्यांनी सगळ्यांना हातानं थांबवलं आणि त्याला विचारलं, ‘‘बाळा, आम्ही इथून परत फिरलो तर तुझे पैसे?’’

तो खाली बघत म्हणाला, ‘‘मावशी, लोक निम्मे देतात. कुणी देतपण नाहीत. धबधबा दाखवला नाही म्हणून भांडतात.’’

बाईंनी पर्स उघडली, ठरलेले सगळे पैसे तिथंच मोजून त्याच्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘हे तुझे झाले. आता सांग.’’

तेव्हा तो खरं बोलला. पहिल्या ओढ्यापाशीच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. पाण्याला चहाची झाक आली होती, वरून सुकी पानं आणि काटक्या येऊ लागल्या होत्या. दुसऱ्या ओढ्याचं पाणी तर आमचा वाद चालू असतानाच एका दगडाचं डोकं बुडवून वर आलं होतं. तो दगड त्यानं बोटानं दाखवला. आमच्यापैकी कुणाच्याही तो ध्यानात आला नव्हता.

आम्ही फिरलो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा आता गुडघ्याच्या वर होता. हात गुंफून, त्यानं सांगितल्या जागी पाय टाकत सगळे पार झालो. गावात एका ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली. एक नातू पुण्यापर्यंत तोंड फुगवून बसला होता. सहलीची गोष्ट एवढीच. पण बाईंनी विचारलेला तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आधी पाण्याविषयी. सह्याद्री हा बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हारसाचा डोंगर. वरच्या पठारांवर मातीचा थर पातळ. खालचा काळा पत्थर पाणी जिरवून घेत नाही, ते सगळं उतारानं धावत ओढ्यात येतं. त्यात समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्याला अडतात आणि तिथंच रिते होतात. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. त्याच दिवशी पुण्यात शिवाजीनगरला पडला तो सव्वाशेच्या आत, आणि तेवढ्यानंही शहर हवालदिल झालं होतं. म्हणजे आपण खाली ज्या पाण्यात उभे असतो त्याचं भवितव्य वर, आपल्याला न दिसणाऱ्या पठारावर ठरत असतं. डोक्यावरचं ऊन ही काही हमी नव्हे. परतीच्या पावसात तर दुपारी दोन तासांत सगळं पालटतं. याची खूण वाचता येते ती रंगावरून, पानांवरून, आवाजावरून, आणि ती वाचणारा माणूस गावातच असतो.

मग तो बोलत का नाही? माझ्या धंद्यात याचं उत्तर फार जुनं आहे. कर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला कमिशन कर्ज मंजूर झाल्यावर मिळत असेल, तर कर्जदारातली खोट तो कशाला सांगेल? वसुली झाली काय, न झाली काय, त्याचे पैसे आधीच खिशात. वाटाड्याची मजुरी आपण धबधब्याशी बांधली आहे. पोचवलं तर पैसे, फिरवलं तर भांडण. ज्याच्या नकारावर बारा जिवांचा भार आहे, त्या नकाराची किंमत आपण शून्य ठेवली आहे. चार महिन्यांच्या हंगामावर ज्याच्या घरची मीठमिरची चालते, त्यानं दर रविवारी पदरमोड करून आपला जीव वाचवावा, ही अपेक्षा न्यायाची नाही.

दुसरी गोष्ट आपल्या बाजूची. ‘आलोच आहोत तर’ हे वाक्य मी बँकेत निराळ्या शब्दांत शेकडो वेळा ऐकलं. ‘साहेब, कारखान्यात आठ लाख घातलेत, आणखी दोन द्या, उभा राहतो.’ गेलेले आठ लाख हे पुढचे दोन घालायचं कारण होऊ शकत नाही, हे समजायला कर्जदाराला फार वेळ लागायचा. सहलीचंही तसंच आहे. गाडीचं भाडं, काढलेली रजा, पहाटेची झोप हा खर्च होऊन गेलेला आहे. ओढ्याच्या पाण्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि गट जेवढा मोठा, तेवढी ‘नको’ म्हणायची लाज मोठी. एकटा माणूस घाबरून परतेल. बाराजणांत प्रत्येकजण दुसऱ्याच्या धीरावर उभा असतो.

सरकार यावर बंदीचा उपाय करतं. भुशीच्या घटनेनंतर जुलै २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात अनेक पर्यटनस्थळांवर मनाईहुकूम निघाले. त्याआधी जुलै २०२३ मध्ये गोव्यात धबधब्यांवर जायला मज्जाव झाला, आणि त्याच महिन्यात दूधसागरला रुळांवरून चालत निघालेल्या शेकडो हौशी मंडळींना अडवून त्यांतल्या काहींना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. ऐन अतिवृष्टीत बंदी हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सबंध हंगामाची सरसकट बंदी झाली की दोन गोष्टी होतात. गावातली चहाची टपरी, भाकरी करून देणारी घरं, वाटाडे यांचं उत्पन्न बुडतं. आणि जाणारे जातातच. पहाटे, आडवाटेनं, वाटाड्याशिवाय. म्हणजे ओढा वाचणारा तेवढा घरी बसतो आणि न वाचणारे पाण्यात उतरतात. त्यानंतर दोर घेऊन दरीत उतरावं लागतं ते लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांना. जिवंत माणसाला वर आणण्याचं समाधान त्यांच्या वाट्याला दरवेळी येत नाही.

त्यापेक्षा गावाला अधिकार द्यावा. ग्रामपंचायत आणि वनखात्यानं मिळून वाटाडे नेमावेत, त्यांची मजुरी गावातच आगाऊ जमा व्हावी, आणि अर्ध्या वाटेवरून फिरवलं तरी ती पुरी मिळेल असं फलकावर लिहावं. घाटमाथ्यावरच्या गावातून खालच्या गावात पावसाचा फोन यावा, एवढी सोय आज अवघड नाही. दुपारी अमुक वाजल्यानंतर वर सोडायचं नाही, हे गावानं ठरवावं आणि शहरी साहेबानं ते मुकाट्यानं ऐकावं. माणशी पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांनीही जाहिरातीत स्पष्ट छापावं की वाटाड्यानं सांगितलं तर गट परतेल आणि त्याबद्दल वाद चालणार नाही. न दिसलेल्या धबधब्याचे पैसे परत मागणारं गिऱ्हाईक असलं, की त्यांचाही पाय पुढंच पडतो.

आणि आपण? सरकारची वाट न पाहता पुढच्या रविवारपासून करता येण्याजोग्या गोष्टी दोनच. निघण्यापूर्वी गाडीतच एक माणूस ठरवा, ज्यानं ‘फिरा’ म्हटलं की कुणी का म्हणून विचारायचं नाही. आणि गावात पोचल्यावर, चालायला लागण्याआधी, वाटाड्याच्या हातात सगळे पैसे ठेवा आणि त्याला मोठ्यानं, पोरासोरांच्या देखत सांगा की हे पैसे धबधबा दाखवण्याचे नाहीत, आम्हाला घरी पाठवण्याचे आहेत.

धबधबा पुढच्या पावसातही पडणार आहे. तो पाहायला आपण सगळे असलो, म्हणजे झालं.