रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ म्हणजे फुप्फुस निरोगी नव्हे

‘एका रक्ततपासणीत कर्करोग ओळखा’ अशी जाहिरात तुमच्याही मोबाईलवर आली असेल. माझे मत स्पष्ट आहे: काही त्रास नसलेल्या माणसाने फुप्फुसाच्या कर्करोगाची भीती घालवण्यासाठी ही तपासणी करू नये, आणि लॅबने ती हेल्थ पॅकेजमध्ये विकू नये.

कारण समजून घ्या. कर्करोगाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. तपासणी ते तुकडे शोधते. गाठ लहान असेल तर हे तुकडे फारच कमी असतात. म्हणजे शस्त्रक्रियेने रुग्ण बरा होण्याची शक्यता ज्या टप्प्यावर सर्वाधिक, नेमकी तिथेच तपासणी कमी पडते. अनेक कर्करोग एकत्र शोधणाऱ्या अशा एका तपासणीचा मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तिने चौथ्या टप्प्यातले सुमारे ९० टक्के कर्करोग ओळखले; पहिल्या टप्प्यातले फक्त १७ टक्के!

‘करून घेतली तर बिघडले काय?’ असे तुम्ही विचाराल. बिघडते ते खोट्या दिलाशाने. रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून सिगारेट चालू राहते, तीन आठवड्यांचा खोकला अंगावर काढला जातो, थुंकीतले रक्त ‘उष्णतेचे’ ठरते.

मग ही तपासणी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. निदान झालेल्या रुग्णाला तिचा मोठा उपयोग आहे. बायोप्सीचा तुकडा अपुरा पडला तर रक्तातून ईजीएफआरसारख्या जनुकातील बदल शोधता येतो आणि त्यावर नेमकी गोळी देता येते. मात्र रक्तात बदल सापडला नाही, तर शक्य असल्यास पुन्हा बायोप्सी करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर रक्तात असे तुकडे आढळले तर आजार उलटण्याचा धोका जास्त असतो. पण तो धोका आहे, भविष्यवाणी नव्हे.

वर्षानुवर्षे भरपूर धूम्रपान केले असेल तर डॉक्टरांना कमी मात्रेच्या सीटी स्कॅनबद्दल विचारा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत या स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. असा पुरावा पॅकेजवाल्यांकडे मागा. तो मिळेपर्यंत पैसे खिशात ठेवा, आणि सिगारेट आजच सोडा.