शनिवारचा मेन्यू, बुधवारचा मेन्यू

गाव वाढायला लागलं की सगळ्यात आधी काय येतं? रस्ता? पाणी? छे! आधी येतं ते ‘फॅमिली गार्डन रेस्टॉरंट’. अमरावतीचा बायपास घ्या, अकोल्याबाहेरचे नवे ले-आउट घ्या, नाहीतर पुण्याची वाघोली घ्या. लायटिंगच्या माळा, प्लॅस्टिकचं गवत, दारात बडीशेपेची वाटी आणि हातात बारा पानी मेन्यू कार्ड. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, झालंच तर कॉण्टिनेण्टल. नव्या फ्लॅटमध्ये सामान लावून झालं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘इथं चांगलं जेवायला कुठं मिळतं?’

या वेळी हा प्रश्न घेऊन मी थेट सेमाडोहला गेलो. आता सेमाडोह काही उपनगर नाही, हे मलाही माहीत आहे. मेळघाटात, सिपना नदीच्या काठावरचं हे गाव. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या ज्या पहिल्या नऊ जागा निवडल्या, त्यातली एक मेळघाट. पण अमरावती-अकोल्याच्या नोकरदार मंडळींसाठी सेमाडोह हे शनिवार-रविवारचं उपनगर झालंय. शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, शनिवारी सकाळी दोन गाड्या निघतात. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, तिथून घाटवळणांनी सेमाडोह आणखी तेवढंच. अकोल्याची मंडळी अकोट-अंजनगावमार्गे परतवाड्याला येऊन मिळतात. आणि जिथं गाड्या थांबतात, तिथं पनीर उगवतं!

मी बसलो ते एक साधं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, पाच-सहा टेबलं. मालक साठीचे. लॅमिनेट केलेलं कार्ड त्यांनी पुढं सरकवलं. पनीर बटर मसाला, पनीर टिक्का मसाला, पनीर कढाई, काजू करी, व्हेज कोल्हापुरी. मी विचारलं, ‘काका, पनीर इथलंच का?’

‘नाई ना भाऊ, परतवाड्याहून येते.’

‘आणि तुमच्या घरी आज काय केलंय?’

‘आमच्या घरी? आमचं काय बाप्पा! जवारीची भाकर, वरन, आन् वांग्याची भाजी.’

‘मग मला तेच वाढा.’

काका हसायलाच लागले. ‘ते काय हाटेलातलं जेवन होय का भाऊ? लोकं हासतीन ना!’

शेवटी वाढलं. भाकर चुलीवरची, वांगं छोटं काटेरी, भाजीवर कच्चं तेल आणि भरपूर सांभार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : वऱ्हाडात सांभार म्हणजे कोथिंबीर. इथं इडली शोधू नका!) त्या जेवणाबद्दल एवढंच सांगतो, की मी तिसरी भाकर मागितली.

तेव्हापासून माझी एक थिअरी आहे. वाढत्या गावातल्या प्रत्येक हॉटेलाचे दोन मेन्यू असतात. एक शनिवारचा, तो छापलेला असतो. दुसरा बुधवारचा, तो कुठंच छापलेला नसतो. शनिवारी आपण येतो. बुधवारी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर येतात, वनरक्षक येतात, शाळेचे मास्तर येतात, आरोग्य केंद्रातली मंडळी येतात. त्यांना रोज जेवायचं असतं, त्यामुळे त्यांना तिखट-तेलाचा मारा परवडत नाही आणि हॉटेलवाल्याला त्यांना फसवणं परवडत नाही. चांगलं हॉटेल शोधायचं म्हणजे हा बुधवारचा मेन्यू शोधायचा.

मग शनिवारचा मेन्यू सगळीकडे सारखाच का? त्यात हॉटेलवाल्याचा दोष थोडा आणि गणित जास्त आहे. किचनमध्ये एक पातेलं असतं कांदा-टोमॅटोच्या लाल ग्रेव्हीचं आणि एक असतं काजू-मगजबीच्या पांढऱ्या ग्रेव्हीचं. या दोन पातेल्यांतून कार्डावरची तीसेक नावं निघतात. ग्रेव्ही फ्रीजमध्ये टिकते, पनीर डीप फ्रीजमध्ये टिकतं. शनिवारी दहा गाड्या येतील की दोन, हे ज्याला माहीत नाही, त्यानं दुसरं काय करायचं? वांग्याची भाजी उरली तर दुसऱ्या दिवशी तिला कोण विचारतो? रोडगे तर विचारूच नका. कणकेचे जाडजूड गोळे करायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, मग कुस्करून तूप आणि वांग्याची भाजी. दोन-तीन तासांचा कार्यक्रम. गाडीचं इंजिन चालू ठेवून ‘काय पटकन मिळेल?’ विचारणाऱ्याला रोडगे कसे मिळणार?

खरी गंमत, म्हणजे खरं तर दुःख, पुढं आहे. जिथं पनीर परतवाड्याहून येतं, ते सेमाडोह दुधाचा मुलूख आहे. मेळघाटातल्या गवळ्यांच्या म्हशी, त्यांचं दाट दूध. नागपुरी म्हणून देशभर ओळखल्या जाणाऱ्या म्हशीच्या जातीचं एक जुनं नाव आहे एलिचपुरी, म्हणजे आपल्या परतवाड्याला खेटून असलेल्या अचलपूरची. पण दूध डोंगर उतरून बाजारात जाईस्तोवर नासतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इथं खवा होतो. साधारण पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं की किलोभर खवा पदरात पडतो. ओझं पाचपट कमी, टिकाऊपणा कितीतरी जास्त. फ्रीज नसलेल्या मुलखानं काढलेली ही शुद्ध लॉजिस्टिक्सची आयडिया आहे, एमबीएवाल्यांनी नोंद घ्यावी!

त्या खव्याचीच बहीण म्हणजे रबडी. कढईच्या कडेला जमणारी साय हळूच सारत राहायची, दूध खाली आटत राहतं. सेमाडोहला रस्त्याच्या कडेला मी खाल्ली ती रबडी गोडाला कमी आणि सायीच्या पदरांना भरपूर होती, वर धुराचा किंचित वास. शहरातल्या मिठाईच्या दुकानात हा वास मिळत नाही. मात्र तो वास कशाचा, हेही माहीत असू द्या. तासन्‌तास कढई उकळायची तर सरपण लागतं, म्हशी चरायच्या तर रान लागतं, आणि भोवतालचं रान आहे वाघाचं. म्हणून वाटीभर रबडी चवीनं खा, पण दहा किलो खवा डिकीत भरून नेऊ नका.

आता कुटकी. कोरकू हे मेळघाटातले मुख्य आदिवासी. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या नात्यातली नाही. ती मुंडा कुळातली, संथाली आणि मुंडारीची नातेवाईक, आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेला बोलली जाणारी. त्यांच्या डोंगरउतारावरच्या शेतात कोदो, कुटकी, सावा ही बारीक धान्यं पिकत आली आहेत. कुटकीचा भात तांदळापेक्षा लवकर शिजतो, किंचित खरबरीत लागतो आणि पातळ वरणासोबत झकास जातो. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेव्हापासून हीच कुटकी पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये ‘लिटल मिलेट’ नावानं देखण्या पाकिटात बसलीय. सेमाडोहच्या मेन्यू कार्डावर मात्र तिला जागा नाही. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, ‘कुटकी कोन मांगते भाऊ? मांगली तं रांधू ना!’

या वाक्यात सगळं आलं. मेळघाटचं नाव १९९०च्या दशकापासून महाराष्ट्राला कळलं ते कुपोषणाच्या आणि बालमृत्यूंच्या बातम्यांतून. त्याची कारणं हॉटेलाच्या मेन्यूहून फार मोठी आहेत : पाऊस, मजुरी, रस्ते, दवाखाने, आणि कुटकीच्या शेतात आलेलं सोयाबीनसुद्धा. आपण भात खाल्ल्यानं ती दूर होतील असा भाबडेपणा नको. पण एक साधा हिशेब मांडून बघा. चार जणांनी पनीर आणि नान खाल्लं, तर बिलातला मोठा वाटा पनीर, काजू आणि मैद्यासाठी परत घाट उतरून जातो. त्याच चौघांनी कुटकीचा भात, वरण, वांगं आणि रबडी खाल्ली, तर तो वाटा त्या शेतात, त्या गोठ्यात आणि त्या चुलीजवळ राहतो. शिवाय हॉटेलात मान मिळालेलं धान्य शेतात टिकायची शक्यता थोडी तरी वाढते.

‘घरचं जेवण हॉटेलात कसं चालेल?’ ही काकांची शंका नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार आपलं गाव मागं ठेवून आले, तेव्हा त्यांना जेवू घातलं ते खोलीत चूल पेटवणाऱ्या खानावळवाल्या बायांनी. कोकणातला कोकणी चवीचं जेवायचा, घाटावरचा घाटावरच्या. त्या बायांना भांडवल द्यायचे सावकार, तेही जबर व्याजानं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, त्या बायांना एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक आधीही उत्तमच होता. उणीव होती ती कमी व्याजाच्या पैशाची आणि ‘हे विकायला लाज कसली’ म्हणणाऱ्या कुणाची तरी. मेळघाटातही बचत गट आहेत, चुली आहेत, धान्य आहे. गिऱ्हाईक तेवढं पनीर मागतंय.

तर मंडळी, आता कामाचं बोलू. सेमाडोह, कोलकास किंवा चिखलदऱ्याला जाणार असाल तर या चार गोष्टी करा.

एक, पोट भरून निघू नका, पण उपाशीही निघू नका. अमरावतीत सकाळी गिला वडा खा. उडदाच्या डाळीचा मऊ वडा, वर दही आणि चटणी. घाट चढेस्तोवर पुरतो.

दोन, मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशीच फोन करून किती जण आहात ते सांगा. भाकर, पिठलं, कुटकीचा भात, जमलं तर रोडगे. मोकळा वेळ दिला की स्वयंपाक करणाऱ्याचा उत्साह वेगळाच असतो.

तीन, ऐन वेळी पोहोचलात तर कार्ड बाजूला ठेवा आणि विचारा, ‘तुम्ही आज काय जेवणार?’ उत्तर देताना माणूस लाजला, तर समजा, योग्य ठिकाणी आलात.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : जे पैसे पनीरला देता, तेच भाकर-वरणालाही द्या. काजू करीचं बिल मुकाट्यानं भरायचं आणि पिठल्याच्या बिलावर ‘एवढे कसे?’ म्हणून भुवई चढवायची, हा शहाणपणा आपण बंद करूया. चुलीपुढं बसून भाकर थापण्याला मेहनत जास्त लागते, कमी नाही.

हाच नियम तुमच्या घराजवळच्या नव्या ले-आउटलाही लागू आहे. गार्डन रेस्टॉरंटच्या माळा विझलेल्या असताना, एखाद्या बुधवारी दुपारी एक ते दोनच्या मध्ये चक्कर मारा. साइटवरचे मिस्त्री, बँकेतले कारकून आणि रिक्षावाले ज्या एका बिनमाळेच्या दारात दाटीनं बसलेले दिसतील, तिथं शिरा.

आणि हो, बुधवारी हाफ डे टाकायला बॉसला काय कारण सांगायचं, ते मात्र तुमचं तुम्ही बघा!