केनेडींचे केस आणि न फोडलेलं पाकीट

अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीने 1964 साली प्रूफ नाण्यांचे, म्हणजे संग्राहकांसाठी खास आरशासारख्या चकाकीत पाडलेल्या नाण्यांचे, 39,50,762 संच काढले. एक सेंट, पाच सेंट, डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि त्या वर्षी पहिल्यांदाच आलेला केनेडींचा अर्धा डॉलर, अशी पाच नाणी. संच टपालाने मागवायचा, किंमत दोन डॉलर दहा सेंट. नाणी पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीत आणि पट्टी डिंकाने चिकटवलेल्या कागदी पाकिटात. यातली काही पाकिटं अजून कुणी फोडलेली नाहीत आणि उघडलेल्या संचापेक्षा त्यांना जास्त भाव मिळतो.

हा जादा भाव आत काय निघेल या आशेचा आहे. 22 नोव्हेंबर 1963 ला अध्यक्ष केनेडींची हत्या झाली आणि काही महिन्यांत नवं नाणं बाजारात आणायचं ठरलं. गिल्रॉय रॉबर्ट्स यांनी घडवलेल्या चेहऱ्यावर, अगदी सुरुवातीच्या प्रूफ नाण्यांत, भांगापासच्या केसांच्या रेषा खोल आणि ठळक आहेत. मग साचा बदलला आणि केस मऊ झाले. जॅकलिन केनेडींना ते ठळक केस पसंत पडले नाहीत, असं सांगितलं जातं. ठळक केसांची नाणी शंभरात एक ते तीन असावीत, असा संग्राहकांचा अंदाज आहे. ओळखायची खूण केसांपेक्षा अक्षरात सोपी सापडते. ‘लिबर्टी’ या इंग्रजी शब्दातल्या ‘आय’चा पाय पाहायचा. खाली डाव्या बाजूचं टोक तुटल्यासारखं असेल, तर नाणं पहिल्या साच्याचं.

नाशिकला माझ्या भाचीच्या घरी असंच एक पाकीट आहे. तिचे सासरे तेव्हा तिकडे शिकत होते, त्यांनी ते मागवलं आणि न फोडताच घरी आणलं. परवा तिचा फोन आला, “मामा, उघडू का? दुकानदार म्हणतात, फोडलंत तर किंमत गेली. आणि हे म्हणतात, सरळ ग्रेडिंगला पाठवून देऊ.”

मी तिला सांगितलं, पाकीट उघड, आतल्या प्लॅस्टिकला मात्र कात्री लावू नकोस.

या संचाला दोन आवरणं आहेत, आणि सगळा घोळ ती एकच धरल्यामुळे होतो. बाहेरचं पाकीट फोडलं तर नाण्याचं काहीही बिघडत नाही. पट्टी पारदर्शक आहे, पाचही नाणी दोन्ही बाजूंनी दिसतात. शिवाय डिंकाची चिकटपट्टी हा कसला पुरावा? वाफ देऊन पाकीट उघडता येतं, आत डोकावून पुन्हा बंद करता येतं. ‘न उघडलेलं’ या शब्दाचे जास्त पैसे मोजणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

उघडायचं दुसरं कारण आपल्या हवेचं. साठ पावसाळे त्या पाकिटाने कपाटात काढलेत. डाइम, क्वार्टर आणि अर्धा डॉलर ही तिन्ही नाणी नव्वद टक्के चांदीची. पट्टीचा सांधा कुठे सुटला असेल, तर दमट हवा आणि जुन्या कागदातलं गंधक चांदीवर काम करत राहतं. आधी कडेला पिवळसर झाक, मग निळं-काळं वलय. सेंटवर तपकिरी ठिपके. पाकीट बंद ठेवल्याने हे थांबत नाही, फक्त आपल्याला कळत नाही.

ग्रेडिंगचा, म्हणजे परीक्षकांकडून नाण्याचा दर्जा ठरवून घेण्याचा, विचार पाहणीच्या नंतर यावा, आधी नाही. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये मांडलेली सत्तर गुणांची मोजपट्टी आज सगळे वापरतात, पण या काळातल्या प्रूफ नाण्यांत गुणांइतकाच, कधी जास्तही, भाव ‘कॅमिओ’ला असतो. प्रूफचा साचा तयार करताना तो आम्लात बुडवून चित्राच्या भागाला खरखरीतपणा आणत आणि सपाट भाग घासून आरशासारखा करत. अशा ताज्या साच्यातून निघालेल्या पहिल्या काही नाण्यांत चेहरा दुधासारखा पांढरा आणि भोवतालची जागा काळ्या आरशासारखी दिसते, तोच कॅमिओ. जसजसे ठोके पडत जातात तसा साच्याचा खरखरीतपणा झिजतो, आणि पुढची नाणी सगळीकडून सारखीच चकचकीत निघतात. हा फरक पट्टीतूनही दिसतो. टेबलावर एकच दिवा ठेवायचा, पट्टी हळूहळू कलती करायची आणि भिंगातून पाहायचं. दोन्ही बाजूंना, गालापासून गरुडाच्या पंखांपर्यंत पांढरेपणा अखंड असेल तरच मनात आशा धरावी.

कारण ग्रेडिंग म्हणजे पट्टी कापणं. पाच नाणी सुटी होणार, पाच वेगळ्या स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद प्लॅस्टिकच्या डब्यांत, जाणार आणि टांकसाळीतून निघालेला संच म्हणून जे होतं ते संपणार. हे परत जोडता येत नाही. नाणं साधं निघालं तर शुल्क आणि टपालखर्च नाण्याच्या किमतीच्या वर जातो. ठळक केस असतील, किंवा कॅमिओ स्पष्ट असेल, तर कापा. एरवी कशासाठी?

सगळीकडे हाच नियम लागू नाही. कार्सन सिटी टांकसाळीचे जुने चांदीचे डॉलर अमेरिकी सरकारने 1972 ते 1980 या काळात कडक प्लॅस्टिकच्या डब्यांत विकले. तो डबाच इतका प्रतिष्ठेचा झाला की ग्रेडिंग करणारे नाणं बाहेर न काढता डब्यासकट दर्जा देतात. तिथे डबा फोडणं शुद्ध नुकसान.

आणखी एक गोष्ट भाचीला मी दोनदा बजावली. नाणं काळवंडलेलं दिसलं तरी पुसायचं नाही. देवाची भांडी उजळायची आपल्या घरांतली सवय, चिंच, रांगोळी, पितांबरी, हे सगळं नाण्यापासून लांब. प्रूफच्या आरशावर मऊ फडक्यानेही बारीक ओरखडे उठतात, आणि परीक्षकाला ते पहिल्या नजरेत दिसतात. मग गुण मिळत नाहीत, ‘साफ केलेलं’ असा शेरा मिळतो.

पुण्यातला माझा एक संग्राहक मित्र याच्याशी सहमत नाही. त्याच्याकडे अशी बंद पाकिटं आहेत आणि तो ती कधीच फोडणार नाही. त्याचं म्हणणं, “उघडलं आणि साधं निघालं, तर हातात काय उरलं?” पुष्कळ उरलं, असं मला मनापासून वाटतं. 1965 च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी गेली, अर्ध्या डॉलरमध्ये चाळीस टक्के उरली. 1965 पासून तीन वर्षं प्रूफ संच निघालेच नाहीत, आणि 1968 ला सुरू झाले ते सॅन फ्रान्सिस्कोत. म्हणजे साध्या केसांचा संचसुद्धा फिलाडेल्फियाच्या त्या जुन्या क्रमातला शेवटचा आहे, एकोणीस ग्रॅम शुद्ध चांदी पोटात असलेला, आणि तो पाहायला कात्रीची गरज नाही.