प्रकल्प लिहायचाच आहे, तर आपल्या गल्लीचा लिहा

गेल्या वर्षी सुट्टीत औरंगाबादला बहिणीकडे गेलो होतो. कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगर, पण घरात अजून औरंगाबादच. भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "मामू, माझा प्रकल्प जरा नीट सेट करून द्या ना." विषय होता 'शाश्वत विकास आणि स्थानिक समुदायजीवन'. वीस पानं. सुरुवातीला १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या, मग स्वीडनमधला कचरा, मग केरळमधलं एक गाव, आणि शेवटी आपण सर्वांनी पृथ्वी वाचवली पाहिजे. ती जिथे जन्मली, वाढली त्या मोहल्ल्याचं नाव वीस पानांत एकदाही नव्हतं.

तिला रागावणार तरी कसा? इंजिनिअरिंगला मीही तेच केलं होतं. सीनिअरची फाइल घेतली, नाव आणि रोल नंबर बदलला, मार्क चांगले मिळाले. खरं तर हा विषय नक्कल करण्यासाठी आणलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये पर्यावरण शिक्षणाबद्दल निर्देश दिले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी अभ्यासक्रम तयार केला. त्यात स्वतः बाहेर पडून जवळच्या परिसराची नोंद करणं हा भाग मुद्दाम ठेवला आहे. आपण नेमका तोच भाग गाळतो.

त्याच रात्री दोनच्या सुमाराला नळाला पाणी आलं. या शहरात ते रोज येत नाही. मध्ये कितीतरी दिवस जातात. बहीण उठली, भाची उठली. टाकी, पिंप, हंडे, शेवटी स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरली. भावोजी आणि भाचा झोपलेले होते. मीही थोडा वेळ पडूनच होतो, हे कबूल करतो. सकाळी भाचीला म्हणालो, "काल रात्री जे झालं ते लिही."

ती म्हणाली, "मामू, हे काय लिहायचं? हे तर सगळ्यांच्याच घरी होतं."

सगळ्यांच्याच घरी होतं म्हणूनच लिहायचं. तिने गल्लीतल्या पंधरा घरांत जाऊन तीन प्रश्न विचारले: पाणी कधी येतं, भरायला कोण उठतं, किती दिवस पुरवता? पंधरापैकी तेरा घरांत बाईच उठत होती. दोन घरांत परीक्षा असलेली मुलगीही. मशिदीच्या वजूखान्यात तिला जाता येईना, म्हणून धाकट्या भावाला बादली देऊन पाठवलं. नळ पूर्ण सोडून वजू केली तर साडेपाच लिटर पाणी गेलं, बारीक धार ठेवली तर दोन लिटरच्या आत. पैगंबरसाहेब एक 'मुद' पाण्यात, म्हणजे साधारण लिटरभर पाण्यात, वजू करत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. बादली लावून कुणी पाहत नाही.

मग ती इतिहासाकडे वळली. सतराव्या शतकात मलिक अंबरने याच शहरासाठी डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून फक्त उताराच्या जोरावर आणलं. पाणचक्की आपण सहलीत फोटोपुरती पाहतो. तिथे नहरीच्या पाण्यावर दर्ग्यासाठी पीठ दळलं जायचं. आज पन्नास-एक किलोमीटरवर जायकवाडीसारखं प्रचंड धरण आहे आणि गल्लीत आया रात्री दोनचा गजर लावून झोपतात. हे दोन्ही एका पानावर आलं तेव्हा प्रकल्पाला जीव आला.

यावर दोन आक्षेप मी घरातच ऐकले. पहिला भावोजींचा: "पाणी देणं महापालिकेचं काम. वजूचं पाणी मोजून काय होणार?" महापालिकेची जबाबदारी वजूच्या नळाने कमी होत नाही. पण पंधरा घरांची तारीखवार नोंद हातात असेल, तर वॉर्ड ऑफिसात आपलं गाऱ्हाणं हवेत राहत नाही. माझ्या कामात रोजचा अनुभव आहे: बिघाड केव्हा, कुठे झाला याची नोंद नसेल, तर तो कुणी मान्यच करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक: "आपल्या मोहल्ल्याला आधीच लोक घाणेरडा म्हणतात. त्यात आपणच का लिहायचं?" म्हणूनच लिहायचं. बाहेरचा माणूस तुंबलेलं गटार बघून निघून जातो. त्याच गल्लीत कुणाकडे पाणी संपलं तर शेजारीण न मागता दोन हंडे देते, भंगारवाला चाचा वर्षानुवर्षं प्लास्टिक वेगळं करतो, जुन्या कपड्यांच्या गोधड्या होतात, हे त्याला दिसत नाही. आतल्याने लिहिलं तर दोन्ही येतं. मात्र दोन्ही यायला हवं. वलीम्यात वाया गेलेली बिर्याणी आणि ईदनंतर रस्त्यावर पडलेले प्लास्टिकचे ग्लास गाळून फक्त शेजारधर्माचं कौतुक केलं, तर तीही नक्कलच.

गोष्टीचा शेवट फार गोड नाही. कॉलेजात तिला वर्गातल्या नक्कल केलेल्या प्रकल्पांपेक्षा कमी मार्क पडले. 'संदर्भ अपुरे' असा शेरा मिळाला. पण वजूच्या पाण्याचं एक पान तिच्या भावाने मशिदीच्या कमिटीला नेऊन दिलं. गळणारे तीन नळ बदलले गेले. वजूचं पाणी झाडांना सोडावं ही सूचना अजून 'बघू'वर आहे. आणि घरात एक बदल झाला: पाण्याच्या रात्री आता भाचाही उठतो.

तुमच्यापैकी अनेकांना या वर्षी असाच प्रकल्प करायचा असेल. व्याख्या दोन ओळींत संपवा. दहा-पंधरा घरं फिरा. अम्मीला, खालाला, भंगारवाल्याला, गटार साफ करणाऱ्या माणसाला विचारा, आणि त्यांनी सांगितलं तसंच लिहा. जे मोजता येईल ते मोजा. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते वाचून दाखवा. चूक असेल तर तेच दुरुस्त करतील. आणि कॉलेजात फाइल जमा करण्याआधी तिची एक झेरॉक्स गल्लीत ठेवा.