टुरिस्ट व्हिसावर आखातात काम: 'ईसीआर' पासपोर्टवाल्याचं नेमकं काय जातं?

गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. कापणी-मळणी उरकली की अनेकांच्या हाताला काम उरत नाही. मग कुणी नागपूर गाठतं, कुणी हैदराबाद. अशा वेळी दुबई-कुवेतच्या नोकरीची ऑफर मोहात पाडणारच.

10वी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा 'ईसीआर' असा शिक्का असतो. सौदी, कुवेत, यूएई, मलेशिया अशा 18 देशांत कामाला जाण्याआधी त्यांना सरकारी परवानगी लागते. नियम 1983 च्या कायद्यातला आहे. परवानगी म्हणजे अनेकांना कटकट वाटते. पण ती देतानाच नोकरीचा करार पाहिला जातो आणि 10 लाखांचा अपघाती विमा सक्तीने काढला जातो. दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये!

एजंट इथेच शॉर्टकट सुचवतो: "टुरिस्ट व्हिसावर चला, कामाचा व्हिसा तिकडे करून देतो." परवानगीची भानगड मिटते, पण करार आणि विमाही हातचा जातो. मालकाने पगार थकवला तर दाखवायला कागद नाही. उलट, टुरिस्ट व्हिसावर काम केलं म्हणून कारवाई मजुरावरच होऊ शकते.

पैशाचंही तसंच. परवानाधारक एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. रोखीने, पावतीशिवाय लाखभर मागणारा ओळखीचा असला तरी त्याचा परवाना विचारावा. तो खरा की खोटा, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मोबाइलवरच दिसतं.