चार मीटरपर्यंतचा पत्ता आणि नाव हरवलेला रस्ता

टपाल विभागाने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ जाहीर केले, तेव्हा देशभरातील विज्ञानवार्तांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. ते योग्यच होते. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या सहकार्याने सिद्ध झालेली ही पद्धत कल्पनेला साधी आणि व्यवहाराला उपयुक्त आहे. सारा देश एका मोठ्या चौकोनात बसवायचा, त्याचे सोळा भाग करायचे, प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा, असे दहा वेळा. आणि प्रत्येक पायरीला एक चिन्ह द्यायचे. दहावे चिन्ह येईपर्यंत सुमारे चार मीटर लांब आणि तितकाच रुंद असा भूमीचा तुकडा निश्चित झालेला असतो.

या कौतुकाच्या भरात एक विधान मात्र फार सहजपणे केले जाऊ लागले आहे: आता रस्त्यांच्या नावांची गरज संपली. हे विधान चुकीचे आहे. रस्त्यांच्या नावांविषयी सार्वजनिक नियम करण्याचे जे काम शासन आजवर टाळत आले, ते आणखी काही वर्षे टाळण्याची सोय त्यातून होणार असल्याने ते घातकही आहे.

दहा चिन्हांचा संकेतांक ठिकाण सांगतो. वाट सांगत नाही. चालकाला मार्गदर्शन करणारे यंत्र बोलते ते रस्त्यांच्या नावांनीच: अमुक रस्त्यावर डावीकडे वळा, तमुक मार्गाने सरळ जा. आणि संकटात सापडलेला माणूस १०८ किंवा ११२ क्रमांकावर बोलतो तोही नावांनीच. ज्याच्या वडिलांच्या छातीत कळ आली आहे, तो दहा चिन्हे आठवत बसत नाही. मुंबईत तो ‘लॅमिंग्टन रोड’ म्हणतो, पाटीवर ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असे असते. दूरध्वनी घेणाऱ्याच्या नकाशात या दोन नावांचा एक रस्ता असेल, तर वाहन निघते. नसेल, तर प्रश्नोत्तरे सुरू होतात आणि मिनिटे जातात.

नकाशातील रस्ता म्हणजे एक सलग रेघ नसते, हे येथे समजून घ्यावे लागेल. संगणकासाठी रस्ता हा एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच्या लहान लहान तुकड्यांची माळ असतो आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्रपणे नाव जोडलेले असते. पुढचा तुकडा त्याच रस्त्याचा आहे की नवा रस्ता लागला, हे ठरवताना यंत्र इतर गोष्टींबरोबर नावेही पडताळते. एका तुकड्यावर ‘महात्मा गांधी मार्ग’, दुसऱ्यावर ‘एम. जी. रोड’ आणि तिसऱ्यावर ‘म. गांधी रस्ता’ असे असेल, तर नाकासमोर जाणाऱ्या चालकालाही आता दुसऱ्या रस्त्यावर जा, अशी अनावश्यक सूचना मिळू शकते. उलट जेथे खरोखर फाटा फुटतो, तेथे दोन्ही शाखांना एकच नाव चिकटवलेले असेल, तर कोणती शाखा धरायची हे त्या सूचनेतून कळत नाही. भरधाव महामार्गावर अशी गफलत केवळ गैरसोयीची राहत नाही.

उपाय म्हणून क्रमांक पुढे केला जातो. नावे भावनेची, आकडे शास्त्राचे, असा हा युक्तिवाद. आकड्यांचा आपला अनुभव काय सांगतो? २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. नियम सुरेख होता. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या महामार्गांना सम क्रमांक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. शाखांना तीन अंकी क्रमांक. या नियमामुळे केवळ क्रमांक ऐकून महामार्गाची दिशा आणि देशातील त्याची साधारण जागा ओळखता येते. ही सुधारणा निःसंशय चांगली होती.

पण तिचा परिणाम पाहा. पुण्याहून कोल्हापूर, बेळगावमार्गे बंगळूरकडे जाणारा जुना ‘चार नंबर’ आता ४८ झाला आहे आणि नव्या नियमाप्रमाणे ४ हा क्रमांक अंदमानातील महामार्गाकडे गेला आहे. कोकणातला १७ हा ६६ झाला. दिल्ली-कोलकाता हा जुना २ क्रमांकाचा महामार्ग होता. आजचा २ ईशान्य भारतात आहे. दीड दशक उलटल्यावरही लोकांच्या बोलण्यातून जुने आकडे गेलेले नाहीत. आकडाही माणसांच्या तोंडी रुळला की नावच होतो आणि नावासारखाच चिवट होतो. म्हणून जुना आकडा पुसून नवा लिहिणारा नकाशा अर्धे काम करतो. जुना आकडा विचारणाऱ्यालाही तो बरोबर रस्त्यावर आणून सोडेल, तेव्हाच काम पुरे होते.

दिल्लीहून जालंधरकडे जाणारा रस्ता घ्या. आज तो राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे, २०१० पूर्वी १ होता, आशियाई महामार्गांच्या जाळ्यात तो क्रमांक १ आहे, इतिहासात आणि बोलण्यात तो ग्रँड ट्रंक रोड, म्हणजे जी. टी. रोड, आणि त्यालाच शेरशाह सुरी मार्ग असेही म्हणतात. यांतले खरे नाव कोणते, हा प्रश्नच चुकीचा आहे. पाचही खरी आहेत. त्यांची कामे वेगळी आहेत. एक क्रमांक प्रशासनाचा, एक आंतरराष्ट्रीय कराराचा, एक गतकाळातला, एक नाव लोकांचे, एक स्मरणाचे. ही सगळी एका रकान्यात कोंबली, की प्रत्येक नकाशाकार आपल्या मर्जीने एक निवडतो. एकाच प्रवासात तीन वेगळी नावे चालकाच्या कानी पडण्याची सोय तेथेच होते.

नामांतरांच्या बाबतीतही हाच घोळ होतो. दिल्लीतील किंग्जवेचा राजपथ झाला आणि २०२२ मध्ये राजपथाचा कर्तव्यपथ. चेन्नईतला माउंट रोड अण्णा सालै झाला. कोलकात्यातील हॅरिंग्टन स्ट्रीटला हो चि मिन्ह सरणी हे नाव मिळाले. नामांतर करावे की नाही, हा लोकनियुक्त संस्थांचा प्रश्न आहे. नकाशाने त्यात पडू नये. परंतु नामांतर झाले म्हणून जुने नाव नोंदीतूनच नाहीसे करणे हा शुद्ध अविचार होय. जुनी खरेदीखते, जुने पत्ते, वृद्धांची स्मृती, दुकानांच्या पाट्या, रिक्षाचालकांची बोली या सर्वांत ते नाव जिवंत असते. याच्या उलट हट्टही तितकाच चुकीचा आहे. लोक म्हणतात तेच ठेवा, अधिकृत नाव कोण वापरतो, असे म्हणणारा नकाशा पाटी वाचत जाणाऱ्या परक्या प्रवाशाला तोंडघशी पाडतो.

लिपीचा प्रश्न याहूनही दुर्लक्षित आहे. बहुतेक डिजिटल नकाशांत भारतीय नाव आधी रोमन लिपीत जाते आणि तेथून पुन्हा भारतीय लिप्यांत परत येते. या फेऱ्यात परळचे ‘परेल’ होते, कारण रोमन अक्षरांना ‘ळ’ ठाऊक नाही. उत्तरेत ‘टी’ आणि ‘एच’ ही जोडी ‘थ’ किंवा ‘ठ’ दाखवते. दक्षिणेत तीच जोडी ‘त’ दाखवते. रोमन अक्षरांत लिहिलेला ‘पथ’ इंग्रजी उच्चारांचे यंत्र ‘पाथ’ असा वाचू शकते. भारतीय सर्वेक्षण विभाग वापरत आलेली हंटर यांची लिप्यंतरपद्धती ‘त’ आणि ‘ट’ यांत भेद करत नाही. छापील नकाशात ते खपून गेले; बोलणाऱ्या नकाशात ते खपणार नाही. देवनागरीतून कन्नड, बंगालीतून देवनागरी असे थेट लिप्यंतर संगणकाला मुळीच अवघड नाही. मध्ये रोमनची चौकी बसवण्याचे कारण सवय हेच आहे.

मग करावे काय? उत्तर नवे शोधायचे नाही. २००४ साली सुरू झालेल्या, स्वयंसेवकांनी उभारलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशाने नाव, क्रमांक, अधिकृत नाव, स्थानिक नाव, जुने नाव आणि प्रत्येक भाषेतील नाव यांना वेगवेगळे रकाने केव्हाच दिले आहेत. भारतात हे रकाने कसे भरायचे, याचा एक सार्वजनिक आणि सर्वांना बंधनकारक नियम तेवढा हवा आहे. तो पाच कलमांत मावतो.

पहिले: क्रमांक क्रमांकाच्या रकान्यात आणि नाव नावाच्या, एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

दुसरे: मुख्य नाव त्या भूमीच्या भाषेत आणि लिपीत, पाटीवर आहे तसे; इतर लिप्यांतील रूपे त्यावरून थेट आणि जाहीर नियमाने.

तिसरे: नोंदीत संक्षेप नको. ‘एस. व्ही. रोड’ म्हणजे स्वामी विवेकानंद मार्ग, ‘एस. व्ही. पी. रोड’ म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल मार्ग; एका अक्षराच्या फरकाने शहराची दोन टोके बदलतात. पडद्यावर जागा कमी असेल तर यंत्राने तेथे नाव आखडावे, मूळ नोंद पूर्णच असावी.

चौथे: प्रत्येक नावासोबत त्याचा परिसर हवा. महात्मा गांधींच्या नावाचा रस्ता एकट्या मुंबईत फोर्टात आहे, घाटकोपरला आहे, कांदिवलीला आहे. बंगळूरचे ‘सेकंड मेन, फोर्थ क्रॉस’ त्या त्या वसाहतीच्या नावाशिवाय निरर्थक ठरते.

पाचवे: नामकरणाच्या प्रत्येक ठरावात रस्त्याचा आरंभ, शेवट आणि तारीख असावी, तो संगणकाला वाचता येईल अशा रूपात खुला करावा आणि जुने नाव तारखेसह जपावे.

हे काम यंत्रबुद्धी आपोआप करील, असेही सांगितले जाते. यंत्र असंख्य नोंदींतून अंदाज बांधू शकते. पण नोंदीच परस्परविरोधी असतील, तर ज्या नावाचा बोलबाला अधिक ते जिंकेल. छोट्या गावातल्या, वाडी-वस्तीवरच्या रस्त्याचे नाव त्या स्पर्धेत कधीच जिंकणार नाही. शिवाय खाजगी कंपन्यांनी आपापल्या परीने लावलेला मेळ त्या कंपन्यांच्या तिजोरीत राहतो; रुग्णवाहिकेला, ग्रामपंचायतीला, संशोधकाला तो हक्काने मिळत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने चौदा मूलभूत विषय ठरवले आहेत. पत्ते, भौगोलिक नावे आणि वाहतुकीचे जाळे हे त्यांतलेच. त्याच धोरणाने २०३० पर्यंत शहरांचे आणि गावांचे ५ ते १० सेंटिमीटर इतक्या सूक्ष्मतेने मानचित्रण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. १७६७ साली स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग हाताशी आहे, उपग्रह आहेत, मनुष्यबळ आहे. जमीन सेंटिमीटरमध्ये मोजायची आणि तिच्यावरच्या रस्त्याला काय म्हणायचे हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडायचे, ही विसंगती तंत्रज्ञानाच्या अभावाची म्हणता येणार नाही.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या, अपुरे पत्ते हीच अडचण तेव्हाही होती. वेलणकरांच्या सहा आकड्यांनी गावाचे नाव पाकिटावरून पुसले नाही. ते नावाशेजारी उभे राहिले आणि नावाला आधार दिला. डिजिपिननेही तेच करावे. पण आधार द्यायचा तर ज्याला द्यायचा ते नाव आधी नीट लिहिलेले असले पाहिजे.

#डिजिपिन #भूस्थानिक_धोरण #रस्त्यांची_नावे