अंत्यकालीन परिचर्येची पारख

रोगी आता बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याची शुश्रूषा कोणाच्या हाती सोपवावी, आणि ज्यांच्या हाती सोपवावयाची त्यांची योग्यता कशी ओळखावी, हा प्रश्न अलीकडे वाचकांच्या पत्रांतून वरचेवर येऊ लागला आहे. पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. घरात दहा माणसे असत आणि आजारही बहुधा पंधरा दिवसांत इकडे किंवा तिकडे होई. आता कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंडाचा विकार अशा दुखण्यांत मनुष्य महिनेच्या महिने अंथरुणास खिळून राहतो. घरात मात्र माणसे उरली आहेत दोन-तीन. ज्यांच्याकडे एकत्र कुटुंब अद्याप नांदते आहे त्यांच्याकडेही रात्रीची जागरणे आणि अंथरुणे धुणे अखेर एकाच सुनेच्या वाट्यास येते. हे आपण सर्व जाणतो. बोलत मात्र कोणी नाही.

इंग्रजीत अशा सेवेच्या स्थानास ‘हॉस्पिस’ म्हणतात. हा शब्द ज्या लॅटिन ‘होस्पेस’पासून आला, त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही होतो. जाणारा मनुष्य हा आपल्या घरचा अतिथी, असा भाव त्यात आपोआप येतो, म्हणून आम्हांस तो शब्द आवडतो. मराठीत कोणी ‘अंत्यसेवागृह’ म्हणतात, कोणी तेथील उपचारांस ‘उपशामक चिकित्सा’ म्हणतात. नाव कोणतेही असो, त्यामागील शास्त्र मात्र नवे आहे. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. त्यांतील परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत असे त्याचे म्हणणे: शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता. दोन हजार वर्षांत या चौकडीत भर घालण्याजोगे फारसे काही सापडलेले नाही. तथापि त्याच ग्रंथात, असाध्य रोगी वैद्याने हाती घेतल्यास त्याचा पैसा, विद्या आणि कीर्ती तिन्ही उणावतात, असाही इशारा आहे. म्हणजे जेथे परिचारकाची गरज सर्वांत अधिक, तेथूनच वैद्याने पाय काढता घ्यावा असा जुन्या वैद्यकाचा कल होता. आजही मोठमोठ्या इस्पितळांतून ‘आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या’ हे वाक्य ऐकू येते. तो कल अद्याप गेलेला नाही.

तो मोडून काढला सिसिली साँडर्स या इंग्रज बाईंनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रोग्यांच्या सांसारिक अडचणी पाहणाऱ्या कार्यकर्त्या झाल्या, आणि वेदनेवर कोणी डॉक्टर लक्ष देत नाही असे पाहून पुढे स्वतःच डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडन येथे सेंट क्रिस्टोफर्स हे गृह उघडले. शरीराची, मनाची, संसाराची आणि श्रद्धेची अशी चारही वेदना मिळून एकच असते व तिचा विचार एकत्रच केला पाहिजे, हे त्यांचे मुख्य सांगणे. आपल्याकडे असे पहिले गृह १९८६ साली मुंबईस वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ या नावाने कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. लुईस डिसूझा यांनी काढले. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा निघाली. पुण्यात वारजे येथे सिप्लाच्या प्रतिष्ठानाने १९९७ साली आपले केंद्र सुरू केले. या दोन्ही ठिकाणी रोग्याकडून शुल्क घेतले जात नाही. काशीस १९५८ साली निघालेले मुक्तिभवन आपल्यापैकी पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. पण त्याचा हेतू निराळा. तेथे मनुष्य मोक्षासाठी जातो, औषधासाठी नव्हे. आणि दुखण्याने तळमळणाऱ्या जिवास नामस्मरण कितपत साधते, हा प्रश्न ज्याने अशी तळमळ पाहिली आहे त्यासच विचारावा.

आता आमच्या पन्हाळ्याचे पाहू. मोरोपंतांचे हे जन्मस्थान. कोल्हापूर येथून वीस किलोमीटरच्या आसपास. गडाच्या तटाबुरुजांची नोंद जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसास्थळांत झाली, ही अभिमानाची गोष्ट होय. अंत्यसेवागृह मात्र गडावर नाही. मुले पुण्यास किंवा परदेशी, आणि जुन्या वाड्यात दोन वृद्ध, अशी घरे येथे आहेत. त्यांच्यापुढे पर्याय दोनच: शहरातील एखाद्या शुश्रूषागृहात ठेवणे, किंवा शहरातून घरी येणारी सेवा घेणे. दुसऱ्या प्रकारच्या जाहिराती हल्ली पुष्कळ दिसतात, आणि पारख करावयाची ती येथेच.

प्रथम एक भेद ध्यानात ठेवावा. दिवसाच्या किंवा रात्रीच्या पाळीने माणूस पुरविणारी जी ब्यूरो असतात, ती अंत्यसेवा नव्हेत. ती मदत मोलाची आहे, तिचा अवमान करण्याचा हेतू नाही. पण त्या बाईमागे डॉक्टर कोण, तिने कोणास विचारावयाचे, याचे उत्तर बहुधा मिळत नाही. आमच्या परिचयाच्या एका घरी अशाच एका ब्यूरोकडून माणसे येत. सहा आठवड्यांत सात बाया बदलल्या. प्रत्येकीस नव्याने सांगावे लागे की आजोबांचा डावा खांदा धरून उठवू नका, तेथे हाडात गाठ आहे. सातवीने तोच खांदा धरला. तिचा दोष नव्हता. तिच्या हाती कोणी एक ओळ लिहून दिली नव्हती. दर खाटेमागे रोग्याची लिखित वही, आणि नव्या माणसाने ती वाचल्यावाचून रोग्यास हात लावावयाचा नाही, एवढा नियम ज्यांच्याकडे नाही, त्यांची इमारत कितीही झकपक असो, तिचा उपयोग नाही.

मग पहिला प्रश्न विचारावा तो वेदनेचा. ‘तुमच्याकडे तोंडाने घेण्याचे मॉर्फिन आहे काय?’ असे सरळ विचारावे. या एका प्रश्नाने निम्मी परीक्षा होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली घालून दिलेली रीत साधी आहे: औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे, आणि दुखण्याच्या पायरीप्रमाणे सौम्य औषधाकडून तीव्र औषधाकडे जावे. घड्याळाप्रमाणे याचा अर्थ असा की वेदना उठेपर्यंत थांबावयाचे नाही. साध्या मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, दुखत असो वा नसो. आपल्या घरांत नेमके उलट घडते. ‘फारच दुखू लागले तर देऊ, सवय लागेल’ असे म्हणून गोळी फडताळात राहते आणि रोगी कण्हत राहतो. शेवटच्या दुखण्यात योग्य मात्रेने दिलेल्या मॉर्फिनने मनुष्य व्यसनी होत नाही, आणि त्याचे आयुष्यही तुटत नाही. त्याने मलावरोध मात्र हमखास होतो. म्हणून पहिल्याच दिवसापासून सोबत रेचक दिले जाते. जो डॉक्टर मॉर्फिन लिहितो पण रेचक लिहीत नाही, त्याचे हे शिक्षण अपुरे आहे असे खुशाल समजावे.

वस्तुतः अफू आपल्याच देशात मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश येथे सरकारी परवान्याने पिकते आणि परदेशी जाते. आणि आपलेच रोगी त्यावाचून तळमळतात. याचे मोठे कारण म्हणजे १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा. त्याच्या जाचक परवान्यांमुळे इस्पितळांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले होते. २०१४ साली त्यात दुरुस्ती झाली व मान्यताप्राप्त संस्थांस ते ठेवणे पुष्कळ सुलभ झाले. तेव्हा ‘कायद्याची अडचण आहे हो’ असे कोणी आज म्हणू लागल्यास, मान्यतेसाठी अर्ज केला होता काय, हे नम्रपणे विचारावे. केरळात १९९३ साली कालिकत येथे डॉ. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी हे काम आरंभिले. आणि २००८ साली त्या राज्याने या सेवेचे स्वतंत्र धोरणच ठरविले. तेथे गावोगावचे स्वयंसेवक आणि परिचारिका घरोघर जातात. जे तेथे होते ते येथे अशक्य का मानावे?

दुसरा प्रश्न रात्रीचा आणि पावसाचा. सकाळी दहा वाजता सर्वच संस्था चांगल्या असतात. रात्री दोन वाजता फोन कोण उचलतो आणि त्यास आपल्या रोग्याचे नाव ठाऊक असते काय, हे पाहावे. सेवा घेण्याचे ठरविण्यापूर्वी एका रात्री खरोखरच फोन करून पाहण्यात कसलाही अविनय नाही. आम्हां गडकऱ्यांस तर आणखी एक कसोटी आहे. आषाढ-श्रावणात येथे धुके इतके उतरते की समोरचे दार दिसत नाही. जुलै २०२१ मध्ये गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची ये-जा कित्येक दिवस बंद पडली. त्याच दिवसांत खाली पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूर वेढले होते. अशा वेळी संस्थेची गाडी शिवाजी पूल ओलांडून, केर्ली आणि वाघबीळ मागे टाकून वर येऊ शकत नाही, यात तिचा अपराध नाही. म्हणून ती गडावर येते की नाही यापेक्षा, येऊ शकत नाही तेव्हा घरातल्यांनी काय करावयाचे हे तिने आधी ठरवून दिले आहे की नाही, यावर तिची प्रत काढावी. चांगल्या सेवेकडून मृगापूर्वीच पुरेशा औषधांची पेटी घरात येते. वेदना मध्येच उफाळली तर द्यावयाची जादा मात्रा, धाप लागली तर काय, उलटी थांबेना तर काय, हे सर्व मराठीत, ठळक अक्षरांत लिहून भिंतीस लावले जाते. आणि ती मात्रा देण्यास घरातली निदान दोन माणसे शिकवून तयार केलेली असतात. दोन म्हटले ते मुद्दाम. एकच शिकलेली असली तर ती सून असते, आणि तिने झोपावयाचे केव्हा?

या शिकविण्यावरून संस्थेची खरी वृत्ती कळते. पुण्याच्या केंद्रात रोग्यासोबत घरचे माणूस राहते आणि कूस बदलणे, जखम धुणे, तोंडाची स्वच्छता राखणे हे शिकूनच परत जाते. याउलट ‘तुम्ही बाहेर बसा, आमचे आम्ही पाहतो’ असे म्हणणाऱ्यांपासून सावध असावे. साधारण दोन-दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीस शय्याव्रण होतात; रोग्यास भेटावयास जाल तेव्हा चादर न पाहता पाठ आणि टाचा पाहाव्यात. शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप मंदावते. तेव्हा ‘दोन घास तरी घ्या’ म्हणून बळे भरविणे हे आपल्या मायेचे लक्षण असले तरी घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ओठ आणि जीभ ओल्या बोळ्याने भिजवीत राहावे. हे घरच्या आजींस न दुखविता समजावून सांगणारी परिचारिका आम्ही एकदा पाहिली. ती म्हणाली, “आजी, तुमच्या हातचा घास त्यांना आता पेलायचा नाही; पण तुमच्या हातचं पाणी ओठांना लावा, ते त्यांना कळेल.” चरकाच्या चार गुणांपैकी तिसरा तो हाच.

सत्य सांगण्याविषयी आपल्या घरांत मोठा घोळ असतो. ‘मामंजींना काही सांगू नका’ असे मुलगा म्हणतो, ‘मुलांना काही कळू देऊ नका’ असे मामंजी म्हणतात, आणि डॉक्टर दोघांशीही हसून बोलतात. चांगला मनुष्य प्रथम रोग्यास विचारतो की आपल्यास किती जाणून घ्यावयाचे आहे, आणि तेवढेच सांगतो. पण विचारल्यावर खोटे सांगत नाही. यात व्यवहारही आहे. कृत्रिम श्वासयंत्र लावावे की नाही हे मनुष्याने शुद्धीत असताना लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही. पण ज्यास आपला रोगच सांगितलेला नाही तो काय लिहिणार? ऐनवेळी अतिदक्षता विभागाच्या दाराशी तो निर्णय घाबरलेल्या मुलास घ्यावा लागतो.

पैशांविषयी थोडक्यात: दर लेखी घ्यावा, आणि डॉक्टरांची भेट, औषधे व साधने त्यात धरली आहेत की निराळी, हे विचारावे. धर्मकृत्यांविषयीही आधी बोलून घ्यावे. शेवटच्या घटकेस तुळशीपत्र आणि गंगोदक देऊ देतात काय, विष्णुसहस्रनाम म्हणावयास चार माणसे खोलीत बसू देतात काय. अंत्यसेवागृह म्हणविणाऱ्या ठिकाणी यास नकार मिळाला तर ते इस्पितळच समजावे. दुसऱ्या बाजूने, आपल्या सोवळ्याओवळ्याचा जाच त्या परिचारिकेस होऊ नये, तिला चहा निराळ्या कपात देऊ नये, हेही यजमानांनी पाहावे. जी बाई आपल्या वडिलांचे मलमूत्र काढते तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसविणारी घरे अद्याप आहेत, हे लिहिण्यास खेद होतो.

शेवटचा प्रश्न बहुतेकांच्या मनात येत नाही: मृत्यूनंतर ही मंडळी काय करतात? पुष्कळांचा संबंध बिल चुकते होताच संपतो. चांगल्या संस्थेतून तेराव्यानंतर एकदा तरी कोणी घरी येऊन जाते. जिने सहा महिने जागून काढले ती आता झोपते की नाही, जेवते की नाही, याची चौकशी करते. आणि निघताना फडताळातल्या उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, वहीत लिहून, सही घेऊन परत नेते.